आंबट भाताची मूद

आत्याबाई,

तुम्ही मला उभ्या जन्मात एकदाच तोंडभरून रागावलात, आणि तेही भातावरून. एरवी खाणावळीत पातेलं करपलं, कालवणात मीठ दोनदा पडलं, दूध उतू गेलं, तरी तुम्ही "ऱ्हाऊ दे, व्हतं" एवढंच म्हणायचात आणि पदर खोचून पुढच्या कामाला लागायचात. त्या एका दिवसाबद्दल तुम्हाला लिहावं असं कितीतरी वर्षं मनात होतं. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं आता माझं वय गेलं आहे. आठवतं मात्र सगळं, ताज्यासारखं.

पिंपरीत तेव्हा कारखान्यांच्या भिंती नव्यानं उभ्या राहत होत्या आणि त्यांना लागून अजून ज्वारीची शेतं होती. तुम्ही मूळच्या कुरुळीच्या. नवरा गेल्यावर एकुलत्या मुलाला घेऊन इकडं आलात, दोन खोल्या घेतल्यात आणि बिनबायकोच्या कामगारांची खाणावळ सुरू केलीत. मुलगा मोठा होऊन फिटर झाला. माझा मामा त्याच्याबरोबर एकाच पाळीत होता, त्यानं चिपळूणकडचं माझं स्थळ सुचवलं आणि मी घाट चढून तुमच्या चुलीपाशी आले. माझ्या माहेरच्या ट्रंकेत दोन लुगडी, सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुरचुंडी आणि हळदीचे गड्डे होते. गड्डे मी मागच्या परसात लावले. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हितं हळद न्हाई धरायची. पर लाव, तुझं मन लागंल." हळद धरली. मनही लागलं. दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले.

पाचव्या महिन्यात, वैशाखात, सगळं संपलं. ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही तिथं होतात. तुम्ही मला शेक दिलात, डिंकाचे लाडू वळलेत, महिनाभर पाण्याची घागर उचलू दिली नाहीत. पण बोलला मात्र एक अक्षर नाहीत. रडू नकोस म्हणाला नाहीत, पुन्हा होईल म्हणाला नाहीत, तुझंच चुकलं असंही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, हे जे शेवटचं आहे ना, तेच तुमच्या पोटात आहे आणि तुम्ही ते गिळून बसला आहात. भाकऱ्या थापताना तुमची पाठ माझ्याकडं असायची आणि मी त्या पाठीकडं बघत बसायची. पाठ काही सांगायची नाही. पुढं तुम्ही भाताचं काम माझ्याकडं दिलंत. माझा भात मोकळा व्हायचा, शीत न् शीत वेगळं. जेवणारे नाव काढायचे. मला वाटायचं, घरात माझ्या जागेला धरून ठेवणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे.

त्याच आषाढात कारखान्यात यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. हे त्याच्या हाताखाली काम करत. दोघांचं बोलणं म्हणजे चार शब्द इंग्रजी, दोन हिंदी आणि बाकी हातवारे. एक दिवस दुपारी हे त्याला खाणावळीत घेऊन आले. त्यानं नुसता भात मागितला, कालवण नको म्हणाला. जेवून झाल्यावर उठेचना. मग हळूहळू सांगू लागला. त्याची बायको बरोबर आली आहे. चौथा महिना आहे. बोटीवर बसल्यापासून तिच्या पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर तिला माघारी पाठवावं लागेल, आणि एवढा लांबचा बोटीचा प्रवास तिला सोसेल की नाही याची त्याला खात्री वाटत नाही. ह्यांनी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तुमच्या हातातला डाव तसाच राहिला.

"पोटुशी बाई उपाशी हाय?" तुम्ही म्हणालात. "आन् ह्यो मला आत्ता सांगतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळची ताटं उरकली तशा तुम्ही निघालात आणि मलाही चल म्हणालात. शेजारची बाई दारात उभी होती. ती हलक्या आवाजात, पण मला ऐकू येईल अशी बोलली, "मावशी, सुनेला कशाला नेताय? हिची कूस नुकतीच रिकामी झालेली. भरल्या पोटावर हिची नजर पडाय नगं." मी मागं सरले. तुम्ही वळून बघितलंत. "हिची नजर लागायची आसंल तर आदी माझी लागंल," म्हणालात आणि मला, "चल गं." त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला इतकंच कळत होतं, की मला तिथं जायचं नाही आणि तुम्ही मला ओढत नेताय.

ती बाई माझ्याच वयाची होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि पोट नुकतं दिसायला लागलेलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं नाही. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवलात तशी तिचा बांध फुटला. रडत रडत ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सुशी, सुशी." तुमचे डोळे भरून आले. वाटेत तुम्ही मला म्हणालात, "ही सुशी धाकली भन आसंल तिची. भनीपायी झुरतीया बिचारी." तीन दिवस आपण तिला ताक, मऊ भात, भाजलेला पापड नेत होतो आणि तुम्ही तिचा हात धरून सांगत होतात, "यील हां सुशी, पत्र घालू आपन सुशीला." ती मान डोलवायची आणि आणखी रडायची. शेवटी हे इंजिनिअरला म्हणाले, साहेब, बाईंच्या बहिणीला बोलावून घ्या. त्या माणसाला आधी काही कळेना, आणि कळल्यावर तो कारखान्याच्या आवारात मटकन खाली बसून हसला, असं हे सांगत. सुशी म्हणजे त्यांच्याकडचं खाणं. सिरका घातलेला भात, त्यावर मासा, नाहीतर भाजी, नाहीतर अंडं. तिची आई सणाला करायची.

"आंबट भात?" तुम्ही म्हणालात. "शिळा व्हय?" आणि मग स्वतःशीच, "आसंना का. डोहाळं हायती तिचं. डोहाळ्याला कुठं शानपन आसतंय."

आपण तिघी रूळ ओलांडून पिंपरी कॅम्पात गेलो तो दिवस मला फार आवडतो. सिंध सोडून आलेल्या लोकांची ती दुकानं तेव्हा पत्र्याची होती. सिरका मिळाला तर तिथंच मिळणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या लोणच्यात तो पडायचा. एका सिंधी बाईनं बाटलीत सिरका ओतून दिला, जपानी बाईनं वास घेतला आणि मान हलवली, चालेल. आणि निघता निघता तिची नजर टोपलीकडं गेली. टोपलीत कमळाचे कंद होते, चिखल लागलेले. तुम्ही आणि मी तोवर ते कधी खाल्ले नव्हते. तिनं एक उचलला, तो मोडला, आतली गोल गोल भोकं दिसली, आणि ती त्या भोकांतून तुमच्याकडं बघून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. सिंधी बाई म्हणाली, "हमारे यहाँ बहुत खाते हैं." जपानी बाईनं आपल्या छातीवर हात ठेवला, म्हणजे आमच्याकडंही. दोघींचीही घरं लांब राहिली होती. तुम्ही तो कंद आपल्या पिशवीत टाकलात.

त्या संध्याकाळी तिनं मला भात कसा हवा ते दाखवलं. मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. भात एकमेकाला धरून राहिला पाहिजे. मला ते पुरतं समजलं. पहिल्या खेपेलाच समजलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बाजार होता. तुम्ही मला म्हणालात, भात तू कर आणि डबा घेऊन हो पुढं, मी मागनं येते. मी जुना तांदूळ घेतला. भरपूर पाण्यात उकळला, पेज गाळली, ताटात पसरून गार केला. शीत न् शीत वेगळं. वरून सिरका शिंपडला आणि डबा भरला. तुम्ही तिथं पोचलात तेव्हा ती त्या भाताची मूद वळत होती आणि तो तिच्या बोटांतून सांडत होता. ती कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसत होती. दोन घास खाल्ले आणि उठून मोरीत गेली. तिच्या ओकण्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. तुम्ही डब्यात बघितलंत, मग माझ्याकडं.

घरी आल्यावर तुम्ही दार लावून घेतलंत, डबा माझ्यापुढं आदळलात आणि मग सुरू झालात.

"तुला उमगलं न्हवतं म्हनू नगंस! मी बगत व्हते तुझ्याकडं, तुला समदं उमगलं व्हतं. उपाशी बाईच्या ताटावर राग काढतीस? तिनं काय केलंय तुझं? तिचं प्वाट दिसतंय म्हनून तिला घास लागू नये व्हय? माझ्या चुलीवर आसला भात? ह्या घरात वैऱ्याला सुदीक कुनी आसं वाढलं न्हाई!"

खूप बोललात. आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला बोला ना अजून. वैशाखापासून बोलायचं आहे ते सगळं बोला. मूल माझ्यामुळं गेलं, असं एकदा बोलून टाका."

तुम्ही थांबलात. तुमचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. खाली बसलात, पाटावर नाही, तशाच जमिनीवर. आणि सांगितलंत. ह्यांच्या आधी तुमची दोन गेली होती. एक सहाव्या महिन्यात, एक जन्मून चार दिवसांनी. तुमच्या सासूनं, जावांनी, भावकीतल्या बायकांनी, सगळ्यांनी तुम्हाला बोलून घेतलं. कुणी दोष दिला, कुणी समजूत घातली. "दोष देनारीचं इसरले," तुम्ही म्हणालात, "पर समजूत घालनारीचं येक बी इसरले न्हाई. देवानं दिलं देवानं न्हेलं, म्हनं. तवाच ठरवलं, माझी सून आली आन् तिच्यावर ही पाळी आली, तर माझ्या तोंडातनं सबूद निघायचा न्हाई. तेवडं तरी तिला सुख." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "मला काय ठावं, तू त्याचा आसा अर्थ लावशील."

मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं. तुमच्या हाताला लसणाचा वास होता. आपण किती वेळ तशा होतो ते सांगता येणार नाही. बाहेरून कुणीतरी "मावशी, ताट मिळंल का?" म्हणून हाक मारली आणि तुम्ही नाक पुसून म्हणालात, "मिळंल की. बस." उठताना मला म्हणालात, "त्यो भात गाईला घाल. आन् आंबेमोहोर काढ. नवा. गिचका शिजला पायजे."

मग खरं काम सुरू झालं. नवा आंबेमोहोर कमी पाण्यात झाकून शिजवायचा, पेज काढायची नाही. आपल्या भाकरीच्या काठवटीत तो उलटायचा. जपानी बाईला ती लाकडी काठवट बघून इतका आनंद झाला, की तिनं ती उचलून छातीशी धरली. तिच्या आईकडं असलंच लाकडी भांडं होतं म्हणे. सिरक्यात साखर आणि मीठ विरघळवून ते भातावर शिंपडायचं, उलथन्यानं भात चिरल्यासारखा हलवायचा, ढवळायचा नाही, आणि दुसरीनं वारा घालायचा. वारा घालायचं काम तुमचं. हाताला सिरक्याचं पाणी लावून वळलं की भात चिकटत नाही. तिनं वळून दाखवलं तशा तुम्ही ओरडलात, "आगं, ही तर मूद! वरनाविना मूद!" आणि तिलाही तो शब्द पाठ झाला. त्यानंतर ती सुशी म्हणेना, मूदच म्हणू लागली.

तिच्या देशातले जिन्नस इथं नव्हते आणि तुम्हाला त्याची काही फिकीर नव्हती. तिच्याकडं समुद्री शेवाळाचा काळा कागद चार-दोन पानं उरला होता, तोही हवेनं सादळलेला. तुम्ही तो निखाऱ्यावर कुरकुरीत केलात आणि तोंड वाकडं करून चाखलात. तो संपल्यावर काय? मी कोबीची पानं वाफवली, त्यात भात, काकडी आणि गाजराची काडी घालून गुंडाळी केली आणि धारदार विळीवर तिचे तुकडे केले. तिनं अंड्याचं पातळ धिरडं घातलं आणि त्यात भात बांधून वर कांद्याच्या पातीनं गाठ मारली, छोटं गाठोडंच. एकदा तिनं कागदावर मासा काढून दाखवला आणि खुणेनं सांगितलं, कच्चा. तुम्ही ताडकन म्हणालात, "पोटुशीला कच्चा मासा? न्हाई, न्हाई म्हंजे न्हाई." ते मात्र तिला भाषेशिवाय कळलं. मग पवना नदीतला मासा भाजून, काटे काढून, सिरक्यात बुडवून आपण तो वापरला. धान्याच्या मापट्यात हळदीचं पान घालायचं, त्यावर मासा, त्यावर भात, आणि वरून वरवंट्यानं दाबायचं. उलटं केलं की पानाचा वास लागलेली सुबक मूद. माझ्या परसातली पानं होती ती. माझ्या माहेरचे सोडे भिजवून, कुटून, किंचित साखरेवर परतून त्यांचा गुलाबी चुरा केला आणि तो भातावर भुरभुरला, सोबत कमळकाकडीच्या भोकांच्या चकत्या. तो पसरलेला भात ती दोन वाट्या जेवली. जेवून झाल्यावर आपण तिघी श्वास रोखून बसलो. अर्धा तास गेला. ती उठली नाही. तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारलीत, "ठरलं गं, ठरलं!"

आता चऱ्होलीला नातीच्या घरी तो काळा कागद पाकिटात मिळतो, सिरका तांदळाचा मिळतो, गुंडाळायला बांबूची चटई आहे. नात करते ते दिसायला फार देखणं असतं. ती मला विचारते, आजी, तुला हे कसं माहीत? मी तिला काठवट सांगते, मापटं सांगते. तिला वाटतं, मी गंमत करते आहे.

आश्विनात जपानी बाईला सातवा लागला. तिची आई इथं नाही, तर डोहाळजेवण आपण करायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. खाणावळीतली बाकं बाजूला सारून तिला पाटावर बसवलंत, हिरवं लुगडं नेसता येईना म्हणून हिरवी शालच पांघरलीत. ताटात पुरणपोळी होती, आणि तिच्या बाजूनं तऱ्हेतऱ्हेच्या मुदी. आळीतल्या बायका आल्या होत्या, ती शेजारची बाईसुद्धा. मी आत चुलीपाशी उभी होते. ओटीची वेळ आली तशी तुम्ही हाक मारलीत. मी दारापर्यंत आले. तुम्ही नारळ आणि तांदूळ माझ्या हातात दिलेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पयली वटी माझ्या सुनंच्या हातची. हिनं हिला जगवली." शेजारच्या बाईनं खाली बघितलं. मी जपानी बाईच्या ओटीत तांदूळ घालताना पहिल्यांदा तिच्या पोटाकडं नीट बघितलं. तिनं माझा हात धरून त्यावर ठेवला. आत हललं. मी रडले, आणि रडताना कुणाचा हेवा वाटला नाही. तेवढं तुम्ही माझ्यासाठी केलंत. ते दुसरं कुणी करू शकलं नसतं.

तिला मार्गशीर्षात पुण्याच्या इस्पितळात मुलगी झाली, धडधाकट. वर्षभरानं ती सगळी परत गेली. जाताना ती तुम्हाला कागदी पंखा देऊन गेली, त्यावर पाखरं होती. तुम्ही तो चुलीपाशी कधी नेला नाहीत. तिची दोन पत्रं आली, चित्रं काढलेली, मग कधीतरी थांबली.

तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची. कुरुळीच्या भावाचं, माझ्या माहेरचं, त्या जपानी बाईचं. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणारं कुणी नाही, म्हणून ते इथंच राहील. पण लिहायला घेतलं आहे, तर एक गोष्ट सांगून टाकते.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. मी काही मागायच्या आधीच तुम्ही ठरवलंत, की मला डोहाळे आंबट भाताचेच लागणार. तुमचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तरी दर आठवड्याला तुम्ही रूळ ओलांडून कॅम्पात जायचात, सिरक्याची बाटली पदराखाली धरून परत यायचात, आणि मला समोर बसवून मूद वाढायचात. मी शेवटच्या शितापर्यंत खायची. तुम्ही बघत बसायचात. नऊ महिने खाल्ला मी तो. मुलगी झाली तेव्हा तुम्ही सगळ्या आळीत सांगितलंत, की आंबट भातानं तारलं.

आत्याबाई, मला तो भात कधीच आवडला नाही.